डागा आणि सटका : ट्रकमागच्या तोफेची ड्रोनपर्यंतची वाट

देवळालीच्या फायरिंग रेंजवर मारा सुरू झाला की भगूर-लहवीतकडे खिडक्यांची तावदानं थरथरतात. नाशिककरांना त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. ‘आर्टिलरीचं चाललंय’ म्हणायचं आणि हातातलं काम पुढे न्यायचं. पण मार्च 2025 मध्ये ट्रकमागे बांधून न्यायच्या 307 तोफांचा सुमारे 6,900 कोटी रुपयांचा करार झाला, आणि सेवानिवृत्त गनर मंडळींच्या गप्पांत वादाला विषय मिळाला. एका ड्रोनने तोफ निकामी होते हे युक्रेनमध्ये रोज दिसत असताना, जिला स्वतःचं वाहन नाही अशी 18 टनांची तोफ घ्यायची कशाला?

प्रश्न नवा वाटतो, पण हा वाद आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलाय. तेव्हा ड्रोन नव्हतं, रडार होतं.

त्याआधीचं थोडक्यात. आकाशातून तोफेवर नजर ठेवणं पहिल्या महायुद्धात फुग्यांनी आणि विमानांनी सुरू केलं. तोफा लपवण्याची कला, म्हणजे रंगाचे पट्टे आणि जाळ्या, फ्रेंचांनी 1915 मध्ये रीतसर तुकडी उभारून रुजवली. एक गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. वरून बघणारा डोळा मुळात तोफखान्याचाच होता. छोट्या ऑस्टर विमानांतून गोळा कुठे पडला ते सांगणारे वैमानिक हे तोफखान्याचेच अधिकारी. त्यातूनच 1 नोव्हेंबर 1986 रोजी लष्कराची हवाई शाखा वेगळी झाली, आणि तिच्या वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र आज नाशिकरोडलाच आहे. वैमानिकरहित विमानं तर 2021 पर्यंत तोफखान्याकडेच होती, मग ती या हवाई शाखेकडे गेली. ड्रोन हे तोफखान्यावर बाहेरून आलेलं संकट नाही, घरातलंच पोर उलटलंय असं म्हटलं तरी चालेल.

आता त्या शब्दाकडे येऊ: ‘शूट अँड स्कूट’. मराठीत ‘डागा आणि सटका’. 1986 च्या बोफोर्स व्यवहारात पैशांचं काय झालं त्यावर भरपूर लिहून झालंय, ते इथे नको. तांत्रिक भांडण काय होतं ते बघू. चाचण्यांत बराच काळ फ्रेंच तोफ पुढे होती, कारण तिचा पल्ला जास्त. पण पाकिस्तानला अमेरिकेकडून तोफांचा ठावठिकाणा शोधणारी रडारं मिळत असल्याची माहिती आली आणि निकष फिरला. असं रडार हवेतल्या गोळ्याचा मार्ग मोजून तो कुठून सुटला ते सांगतं, आणि काही मिनिटांत त्या जागेवर उलट मारा येतो. मग लांब मारणाऱ्या तोफेपेक्षा लवकर जागा सोडणारी तोफ बरी, असा युक्तिवाद पुढे आला. स्वीडिश तोफेला, म्हणजे बोफोर्सला, छोटं इंजिन होतं. ट्रक नसतानाही ती ताशी काही किलोमीटरच्या वेगाने स्वतः सरकायची. फेब्रुवारी 1986 मध्ये पसंती बदलली आणि मार्चमध्ये 410 तोफांचा करार झाला. ही बदललेली पसंती खरी की सोयीची, यावर तेव्हापासून दोन तट आहेत. रडारची भीती खरी होती असं माझं मत. पण ‘स्कूट’ हा शब्द तेव्हापासून फार सैल वापरला गेला. शेजारच्या खड्ड्यात सरकणं म्हणजे स्कूट, की दोन किलोमीटर दूर जाणं? रडारसाठी काहीशे मीटरही पुरत होते, कारण उलटा गोळा जुन्या जागेवरच पडणार होता.

1999 च्या कारगिलमध्ये या गुणाचा फारसा कस लागला नाही. रडारं पलीकडे होती, आपल्याकडे नव्हती. पण द्रासच्या रस्त्यालगत अरुंद जागांवर तोफा मांडलेल्या, तिथे सटकायला वाव किती? बोफोर्सने नाव कमावलं ते पल्ला, अचूकता आणि माऱ्याच्या वेगावर. त्याच वर्षी तोफखान्याच्या आधुनिकीकरणाचा आराखडा ठरला. त्यात ओढायच्या 1,580, ट्रकवर बसवलेल्या 814, अतिहलक्या 145, शिवाय चाकांवरच्या आणि साखळीपट्ट्याच्या स्वयंचलित, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या, तोफा होत्या. नोव्हेंबर 2018 मध्ये देवळालीत एकाच समारंभात 4.2 टनांची अतिहलकी तोफ, साखळीपट्ट्यावरची स्वयंचलित तोफ आणि तोफ ओढणारा सहाचाकी ट्रक दाखल झाले. तिन्ही वाटा एकाच मैदानात उभ्या होत्या.

दोनच वर्षांनी चित्र बदललं. 2020 च्या शरद ऋतूत नागोर्नो-काराबाखचं युद्ध 44 दिवस चाललं. आर्मेनियन बाजूच्या जुन्या ओढायच्या तोफा उघड्या गोल मातीच्या बांधांत उभ्या होत्या. वरून त्या ताटात वाढल्यासारख्या दिसायच्या. अझरबैजानच्या ड्रोनने त्या एकेक करून टिपल्या. त्यातल्या कितीतरी तोफा तेव्हा गोळाही डागत नव्हत्या, आणि हाच खरा फरक. रडारला तोफ दिसते ती डागल्यावर. ड्रोनला ती नुसती उभी असतानाही दिसते, ट्रकला जोडून जातानाही दिसते आणि रात्री तापलेल्या नळीमुळेही दिसते. ड्रोन पाठलागही करतं. त्यामुळे काहीशे मीटर सरकण्याची 1986 ची किंमत 2022 नंतर जवळपास शून्यावर आली.

मग युक्रेनमध्ये ओढायच्या तोफा संपल्या का? मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या एका जनरलने जाहीरपणे तसंच म्हटलं होतं. पण मैदानावर गोष्ट वेगळी घडली. एक तोफ, एक खड्डा. पूर्वी बॅटरीच्या, म्हणजे तोफखान्याच्या एका तुकडीच्या, सहा तोफा एका दमात ओरडता येईल इतक्या जवळ असायच्या. आता त्या झाडांच्या रांगांत एकेकट्या, टॅब्लेटवरच्या नकाशाने जोडलेल्या. वर ओंडके, माती, जाळी. फक्त नळीचं तोंड बाहेर. माणसं बाजूच्या तळघरात. हुकूम आला की जाळी सरकवायची, दोन-चार गोळे डागायचे, नळीवर आच्छादन टाकायचं आणि आत. सटकायचंच नाही! दारूगोळा रात्री, थोडा थोडा. शेजारी लाकडाची किंवा पत्र्याची खोटी तोफ, शत्रूचं महागडं ड्रोन वाया जावं म्हणून. रेडिओ लहरी रोखणाऱ्या जॅमरने अडवली जाणारी छोटी ड्रोन 2024 पासून ऑप्टिकल फायबरची तार सोडत यायला लागली, तेव्हा जॅमरचा भरवसाही गेला आणि जाळ्यांचा भाव वाढला. फ्रान्सच्या मच्छीमारांची जुनी जाळी तिथे रस्त्यांवर मांडवासारखी ताणली गेली. आपल्याकडे गारपिटीच्या भीतीने द्राक्षबागेवर जाळी टाकणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

स्वयंचलित तोफेला वेग असतो, पण ती उंच, इंजिन गरम, मागे धुळीचा लोट. पळताना ती जास्त दिसते. खड्ड्यातली ठेंगणी तोफ जास्त दिवस टिकते, आणि नळी खराब झाली तर बदलायचीही सोय. टीकाकार हा भाग सोडून देतात. करारातल्या तोफेचा पल्ला 45 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे छोट्या ड्रोनच्या बहुतेक टप्प्याच्या मागे राहून ती मारा करू शकते. 1986 मध्ये पल्ल्यावर वेगाने मात केली होती. आता पल्ला परत आलाय.

पण 18 टनांचं काय? बोफोर्स साधारण बारा टनांची. नव्या तोफेचं छोटं इंजिन आणि विजेवरची यंत्रणा जागेवर सरकायला, गोळा भरायला उपयोगी. डोंगरातल्या वळणावर, पुलावर, चिखलात मात्र हे वजन ट्रकलाच ओढावं लागतं. आणि तोफ सर्वांत उघडी पडते ती तिथे, रस्त्यावर. लपवून ठेवायची तोफ इतकी जड का, हा आक्षेप मला रास्त वाटतो. करार झाला तेव्हा त्या 814 ट्रकवरच्या तोफांपैकी एकीचीही ऑर्डर गेलेली नव्हती, हेही नोंदवायला हवं.

दीड महिन्याने मे 2025 मध्ये पश्चिम सीमेवर एका रात्रीत 36 ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन आल्याचं सरकारने सांगितलं. ती पाडण्यात ज्यांचं नाव झालं त्यात 40 मिलिमीटरच्या जुन्या विमानविरोधी तोफाही होत्या, मूळ रचना बोफोर्सचीच, आणि त्याही ट्रकमागे ओढायच्या. 26 जुलैला द्रासमध्ये ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्यांची घोषणा झाली: तोफखान्याच्या रेजिमेंटमध्येच टेहळणीची आणि आत्मघाती ड्रोन. वरचा डोळा दुसऱ्या शाखेकडे देऊन जेमतेम चार वर्षं झाली होती.