गोल पिनचा पोर्ट आणि जांभळा कनेक्टर

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतलं जुनं मशीन असो की एखाद्या धर्मकाट्यावरचा कॉम्प्युटर, गोल पिनचा कीबोर्ड बंद पडला की बर्डीच्या बाजारातून नवा यूएसबी कीबोर्ड आणि सोबत तो गोल पोर्टात बसवायचा जांभळा कनेक्टर येतो. लावल्यावर कीबोर्डचे दिवे लागतात. अक्षर एकही उमटत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. 1981 च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डला पाच पिनांचा जाडजूड प्लग होता. 1984 च्या आयबीएमच्याच एटी मॉडेलनं प्लग तोच ठेवला, सिग्नलची पद्धत मात्र बदलली. म्हणून तेव्हाच्या कित्येक कीबोर्डांच्या पोटाखाली 'एक्सटी-एटी' (जुनी पद्धत की नवी) असा खटका असायचा. 1987 मध्ये पीएस/2, म्हणजे हाच गोल पिनचा पोर्ट, आलं आणि उलटं झालं: सहा पिनांचा प्लग लहान, सिग्नल मात्र एटीचेच. त्यामुळे साध्या अडॅप्टरनं भागायचं.

1996 च्या यूएसबीनं सगळंच बदललं. दोन्हीकडे 5 व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नलच्या दोन तारा आहेत, साम्य तेवढंच. पीएस/2 मध्ये बटण दाबताच कीबोर्ड स्वतःहून 11 बिट्सची फ्रेम (छोटा संदेश) पाठवतो. यूएसबीत कॉम्प्युटरनं विचारल्याशिवाय कीबोर्ड तोंड उघडत नाही. मधल्या काळात कंपन्या कीबोर्डच्या चिपमध्येच दोन्ही पद्धती घालत आणि समोर कोणता पोर्ट आहे ते चिपच ओळखत असे. जांभळा कनेक्टर अशाच कीबोर्डांसाठी होता. त्यात चार तारा इकडून तिकडे जोडलेल्या असतात, बस्स. 'कन्व्हर्टर' म्हणून तो खपतो, पण बदलत काहीच नाही. पुढे बहुतेक कीबोर्डांतून पीएस/2 ची सोय गेली. 5 व्होल्ट पोचतात म्हणून दिवे तेवढे लागतात. वायरलेस कीबोर्डच्या डोंगलचंही तेच.

जांभळं-हिरवं अशी दोन सॉकेटं असलेली केबलही इथं कामाची नाही. ती जुना कीबोर्ड नव्या कॉम्प्युटरला लावायची. सरळ पीएस/2 कीबोर्डच मागावा, आणि लावण्याआधी मशीन बंद करावं. चालू मशीनला लावला तर बहुधा रीस्टार्टशिवाय ओळखला जात नाही, क्वचित पोर्टही जळतो. घाईत पिना वाकतात ते वेगळंच.

जुन्या मशीनला यूएसबी पोर्ट असूनही नवा कीबोर्ड बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) चालत नसेल, तर तिथलं 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' किंवा 'लेगसी यूएसबी' चालू करावं लागतं. ते करायलाही गोल पिनचाच कीबोर्ड लागतो, तेव्हा एक चालू स्थितीतला जपून ठेवावा.