आकाराने टॅब्लॉइड की स्वभावाने?

‘ब्रॉडशीट म्हणजे मोठ्या आकाराचे, गंभीर, सुशिक्षितांचे वर्तमानपत्र आणि टॅब्लॉइड म्हणजे छोट्या आकाराचे, सनसनाटी, सामान्यांचे वर्तमानपत्र.’ पत्रकारितेच्या परीक्षेत पुण्यातली मुलं दरवर्षी हे वाक्य लिहितात. शब्दांचा क्रमसुद्धा बदलत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या नोट्स एकाच झेरॉक्सच्या दुकानातून निघाल्या असाव्यात. या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: कागदाचा आकार, मजकुराचा स्वभाव आणि वाचकाचा वर्ग. या तिन्हींची मोट एका देशात, काही दशकं, बऱ्यापैकी बांधलेली होती. तो देश ब्रिटन, आणि तिथेही ती २००३-०४ नंतर सुटली. आपल्या नोट्सना ही बातमी अजून मिळालेली नाही.

ब्रॉडशीट काय असतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. सकाळी दाराच्या कडीला खोचलेलं असतं तेच. सकाळ, लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, लोकमत, पुढारी, सगळे त्याच मापाचे. मधोमध आडवी घडी, घडीच्या वर मुख्य बातमी, तळाला अँकर, म्हणजे आडवी पसरलेली खास बातमी. ते पान मधोमध दुमडलं की टॅब्लॉइडचा आकार मिळतो. दोन्हींच्या मधे बर्लिनर नावाचं एक माप आहे. ब्रिटनचा गार्डियन २००५ ते २०१८ त्यात निघत होता, आपल्याकडे मिंट हा इंग्रजी अर्थविषयक पेपर २००७ मध्ये त्याच मापात सुरू झाला. उत्तरपत्रिकेत बर्लिनर एका ओळीत उरकावं. कागदाच्या रंगावर तर वेळच घालवू नये. फायनान्शियल टाइम्स १८९३ पासून गुलाबी कागदावर निघतो, इकॉनॉमिक टाइम्सही गुलाबी आहे, विषय संपला.

खरी अडचण पुढे आहे. आकार छापखान्यात ठरतो आणि स्वभाव बातम्या संपादित होतात त्या डेस्कवर. मिसळीची वाटी लहान आहे म्हणून ती जास्त तिखट असणार, असं पुण्यात कोणी म्हणत नाही. वर्तमानपत्राच्या बाबतीत मात्र हाच तर्क पदवीपर्यंत चालतो.

न्यूज ऑफ द वर्ल्ड हे ब्रिटिश साप्ताहिक घ्या. भानगडी, खून आणि प्रतिष्ठितांची लफडी यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेलं हे साप्ताहिक १९८४ पर्यंत ब्रॉडशीट आकारात निघत होतं. आकार लहान झाल्यावर त्याचा स्वभाव बिघडला असं झालं नाही, बिघडायला काही शिल्लकच नव्हतं. पुढे फोन हॅकिंगच्या प्रकरणात २०११ मध्ये ते बंद पडलं. सन या ब्रिटिश दैनिकाची गोष्ट वेगळी. १९६४ मध्ये तो ब्रॉडशीट म्हणून सुरू झाला, १९६९ मध्ये माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉकने विकत घेतला आणि आकार आणि स्वभाव दोन्ही एकदमच बदलले. डेली मिरर त्याआधीपासून छोट्या आकारात खपत होताच. १९७१ मध्ये डेली मेलही लहान झाला. ‘छोटा म्हणजे भडक’ ही समजूत घट्ट बसली ती या सगळ्यामुळे.

मग २००३ मध्ये इंडिपेंडंटने छोटी आवृत्ती काढली आणि पुढच्या वर्षी मोठी बंद केली. २००४ मध्येच लंडनच्या टाइम्सने तेच केलं. १७८५ पासून निघणारं, एका साम्राज्याची ऊठबस छापून काढलेलं वर्तमानपत्र टॅब्लॉइड आकारात आलं. अग्रलेख, वाचकांची पत्रं, मृत्युलेख, शब्दकोडं, सगळं होतं तसंच राहिलं. फक्त रेल्वेच्या डब्यात शेजाऱ्याच्या नाकाला पान लागेनासं झालं. टॅब्लॉइड म्हटलं तर जुने वाचक नाक मुरडतील म्हणून त्यांनी स्वतःला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणवून घेतलं. २०१८ मध्ये गार्डियनही टॅब्लॉइड झाला. आज ब्रिटनच्या गंभीर राष्ट्रीय दैनिकांपैकी मोठ्या आकाराची टेलिग्राफ आणि फायनान्शियल टाइम्स एवढीच उरली आहेत.

उलट उदाहरण जर्मनीत आहे. बिल्ड हे तिथलं सर्वांत आरडाओरडा करणारं दैनिक. वीतभर उंचीचे मथळे, फुटबॉल, गुन्हे, नटनट्या. आकार? चक्क ब्रॉडशीट. आणि स्पेनमधलं एल पाईस हे १९७६ पासून निघणारं वजनदार, गंभीर दैनिक टॅब्लॉइड आकारात आहे. ही दोन नावं पाठ केली तरी नोट्समधलं ते वाक्य पुन्हा लिहायला हात धजावणार नाही.

स्वभाव मग ओळखायचा कशावरून? मथळ्याच्या उंचीवरून ओळखू नका, ती फसवते. बातमीचा कर्ता कोण आहे ते बघा.

समजा, दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पुण्याचं पाणी बंद राहणार आहे. ब्रॉडशीट स्वभावाचा उपसंपादक मथळा देईल, ‘शहराचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद’. खाली मजकूर: ‘पर्वती जलकेंद्रातील देखभाल-दुरुस्तीच्या कामांसाठी शहराच्या बहुतांश भागातील पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल, असे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाने कळवले आहे.’ इथे कर्ता महापालिका. शेवटच्या परिच्छेदात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांमधला साठा, टीएमसीत (अब्ज घनफुटांत). फोटो असलाच तर धरणाचा, तोही गेल्या पावसाळ्यातला.

टॅब्लॉइड स्वभावाचा उपसंपादक तीच बातमी अशी लावेल: ‘आजी, पिंप भरा!’ खाली मजकूर: ‘कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ६२ वर्षांच्या आजी बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवणार आहेत. गेल्या वेळी गुरुवारी गेलेलं पाणी त्यांच्याकडे थेट शनिवारी आलं.’ कर्ता आजी. वय आवर्जून दिलेलं. फोटोही आजींचाच, कमरेवर कळशी. मग घरात कळशी नसली तरी शेजारून आणून. महापालिका येते चौथ्या परिच्छेदात, आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केल्यासारखी.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. माझं मत विचाराल तर दुसरी वाचून जास्त घरांत पिंपं भरली जातील. पहिलीत ‘असे कळवले आहे’च्या आड बातमीदार आरामात झोपू शकतो, आणि पुष्कळदा झोपतोही, महापालिकेचं प्रसिद्धिपत्रक वर-खाली करून छापणं याला गांभीर्य म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पण टेमघरमध्ये पाणी किती, हे दुसरी बातमी वाचून कळणार नाही. आजींकडे शनिवारपर्यंत पाणी आलं नाही ते महापालिकेच्या व्हॉल्व्हमुळे की सोसायटीचा पंप जळाल्यामुळे, हेही बहुधा तपासलेलं नसेल. पंप जळाला असेल तर बातमीच मरते ना!

न तपासण्याची ही खोड कुठवर जाते याचं उदाहरण ब्रिटनमध्येच आहे. १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूल संघाचे प्रेक्षक मेले. चार दिवसांनी सनने ‘सत्य’ अशा अर्थाचा भलाथोरला मथळा देऊन लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवरच किळसवाणे आरोप छापले. ते खोटे होते, हे २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रांनिशी मांडलं. लिव्हरपूलमध्ये त्या पेपरवर अजून बहिष्कार आहे. तिथे चुकला तो स्वभाव. मोठ्या पानावर छापले असते तरी आरोप तितकेच खोटे ठरले असते.

छोट्या आकाराला उथळ म्हणणाऱ्यांनी मुंबईकडेही एकदा बघावं. १९७९ मध्ये सुरू झालेला मिड-डे टॅब्लॉइड आकाराचा. तिथे गुन्हेगारी जगतावर लिहिणाऱ्या ज्योतिर्मय डे यांची २०११ मध्ये पवईत गोळ्या घालून हत्या झाली. त्या खटल्यात २०१८ मध्ये छोटा राजनला जन्मठेप झाली. कागद निम्मा होता म्हणून त्यांनी लिहिलेल्याचं वजन निम्मं भरत नव्हतं. त्याच मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेला रुसी करंजियांचा ब्लिट्झ मात्र दोन्ही अर्थांनी टॅब्लॉइड. १९५९ च्या नानावटी खून प्रकरणात तो उघडउघड आरोपी नौदल अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहिला, बाजू घेतल्याचं लपवलंही नाही.

मराठीत हा गोंधळ जास्तच पिकतो, कारण आपल्याकडची मोठी दैनिकं झाडून सगळी एकाच आकाराची आहेत. ‘मराठीत टॅब्लॉइडच नाहीत’ असं म्हणून मुलं मोकळी होतात. सामना पूर्ण आकारात निघतो, पण त्याचा मथळा वाचायचा नसतो, शिवाजी पार्कवर उभं राहून ऐकायचा असतो. संध्याकाळी स्वारगेटला बसची वाट बघत संध्यानंदमधल्या जगभरच्या चित्रविचित्र बातम्या वाचणाऱ्या पुणेकराला स्वभाव म्हणजे काय ते चांगलं कळतं, तो काही पट्टी घेऊन पान मोजत नाही.

शिवाय एकाच अंकात दोन्ही स्वभाव सुखाने नांदतात. पहिलं पान ब्रॉडशीट, शहराच्या पानावरचे गुन्हे टॅब्लॉइड, अग्रलेख पुन्हा ब्रॉडशीट. टाइम्स ऑफ इंडियाच्या पुणे टाइम्ससारख्या पुरवणीत आणखी तिसराच प्रकार असतो: नावाच्या पट्टीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा जाहिरातवजा, मनोरंजनाच्या प्रसिद्धीचा मजकूर आहे. ती ओळ वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि त्याच त्या प्रतिष्ठित मराठी दैनिकांच्या वेबसाइटवर जा, ‘फोटो पाहून थक्क व्हाल’. तिथे तर कागदच नाही, मग आकाराची सबब कशी सांगणार?

जाता जाता एक राग काढून घेतो. आठ कॉलमी मथळा एके काळी युद्ध, निवडणुकीचा निकाल किंवा फार मोठ्या माणसाचं निधन यासाठी राखून ठेवलेला असे. आता माजी नगरसेवकाने पक्ष बदलला तरी तो मिळतो, वर उद्गारचिन्ह आणि अवतरणात ‘मास्टरस्ट्रोक’. हा शुद्ध टॅब्लॉइड स्वभाव आहे, आणि तोही आळशी. चांगला टॅब्लॉइड उपसंपादक मथळ्यावर तासभर घासतो. आमच्याकडे उद्गारचिन्ह ठोकलं की काम झालं.

राहिला वाचक. ब्रिटनमध्ये एखाद्या पेपरचा वाचक कोणत्या वर्गातला, हे घरातल्या मुख्य कमावत्याच्या व्यवसायावरून ठरवतात: ए, बी, सी१, सी२, डी, ई. सन मुख्यतः खालच्या गटांत, टाइम्स वरच्या, डेली मेल मधे. लंडनहून रात्रीत देशभर पोचणाऱ्या पेपरांनी देश असा आडवा कापून घेतला. आपल्या वाचक सर्वेक्षणात व्यवसाय नाही, तर मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकीपासून शेतजमिनीपर्यंतच्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, हे मोजत असत. मराठी दैनिकांनी तर बाजार आडवा न कापता जिल्ह्याजिल्ह्यांत उभा कापला. पुण्यात जो पेपर प्राध्यापक वाचतात, तोच सोसायटीचा वॉचमन त्यांच्या आधी वाचून, नीट घडी घालून वर पाठवतो. मुंबईत तर ब्रिटिश तक्ता पार उलटा होतो: मिड-डे किंवा २००५ ते २०२० दैनिक म्हणून निघालेला मुंबई मिरर हे छोट्या आकाराचे पेपर इंग्रजी, आणि त्यांचा गिऱ्हाईक लोकलने जाणारा नोकरदार मध्यमवर्ग. ‘टॅब्लॉइड म्हणजे कामगारांचा पेपर’ हे तिथे लिहायचं तरी कसं?

लोकलमध्ये आणि बसमध्ये छोटा पेपर इतका सोयीचा, तर मराठी दैनिकं मोठी का राहिली? जाहिरात चौरस सेंटिमीटरवर विकली जाते. दिवाळीत पहिल्या पानावर बिल्डरची पूर्ण पान जाहिरात चढते, तिचं पान निम्मं करायला कोणता व्यवस्थापक तयार होईल? त्यात वाचकाच्या गांभीर्याचा काही संबंध नाही.

तेव्हा उत्तर लिहिताना आधी आकार लिहा, ओळ सोडा, मग स्वभाव लिहा, आणि वाचकाबद्दल लिहिताना कोणत्या देशातला ते लिहा. गुण कापले गेले तर फेरतपासणीचा अर्ज करा आणि परीक्षकांपुढे बिल्डचा एक अंक पसरा. टेबल जरा मोठं लागेल.