आंतरधर्मीय संवाद (सोलापूर)

निरनिराळे धर्म मानणाऱ्या माणसांनी आपापली श्रद्धा न सोडता, आणि समोरच्याला आपल्या धर्मात ओढण्याचा हेतू न ठेवता, एकमेकांचे आचार, विचार आणि दुखणी समजून घेण्यासाठी जाणीवपूर्वक चालवलेल्या व्यवहाराला आंतरधर्मीय संवाद म्हणतात. 1893 मध्ये शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्म परिषदेपासून त्याचा आधुनिक इतिहास सांगण्याची पद्धत आहे; कॅथलिक चर्चने 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत इतर धर्मांकडे आदराने पाहण्याची भूमिका अधिकृतपणे स्वीकारली, हा त्यातला पुढचा मोठा टप्पा. सोलापूर शहर आणि जिल्ह्यात मात्र या कामाची वाट परिषदांतून कमी आणि माग, गिरणी, देवळाचा उंबरठा व भाषा यांमधून अधिक गेलेली दिसते.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा एकाच पेठेत कानी पडतात. पद्मशाली विणकर, मोमीन (मुस्लिम विणकर), लिंगायत, जैन, मारवाडी व्यापारी, दलित-बौद्ध आणि ख्रिस्ती अशी वस्ती येथे कापडधंद्याच्या आधाराने वाढली. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या मकरसंक्रांतीच्या यात्रेत, म्हणजे लोकांच्या बोलीत गड्ड्याच्या यात्रेत, सात नंदीध्वजांचे (मिरवणुकीत वाहून नेल्या जाणाऱ्या उंच, सजवलेल्या काठ्यांचे) मान वेगवेगळ्या समाजांकडे परंपरेने चालत आले आहेत. अशा सहभागाला संवाद म्हणावे काय, याविषयी मतभेद होऊ शकतो. मान वाटून दिलेला असला म्हणजे माणसे एकमेकांशी बोलतातच असे नाही. परंतु बोलण्यापूर्वी एकत्र उभे राहण्याची सवय लागते, आणि ती या गावाला होती.

तिची राजकीय कसोटी 1930 मध्ये लागली. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात शहरात उठाव झाला, गोळीबार झाला आणि इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ या पत्राचे तरुण संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांची नावे सोलापुरात आजही एका दमात घेतली जातात. धार्मिक सलोख्याच्या भाषणांत त्यांचा उल्लेख इतका ठरलेला झाला आहे की, कुर्बान हुसेन हे लिहिणारे आणि कामगारांत वावरणारे पत्रकार होते, केवळ एका धर्माचे प्रतिनिधी नव्हते, ही गोष्ट कधी कधी मागे पडते.

या विषयातील सर्वांत बोलकी प्रकरणे मात्र शहरातली नसून जिल्ह्यातल्या पंढरपूरची आहेत. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत तयार केले आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. गांधीजींनीही सुरुवातीला या उपोषणाला नापसंती कळवली होती. मंदिर खुले करण्याची तयारी दाखवण्यात आल्यावर 10 मे रोजी ते सुटले. हा लढा एकाच धर्माच्या आतला होता. तरीही आंतरधर्मीय संवादाच्या नोंदीत त्याला स्थान द्यावे लागते, कारण स्वतःच्या देवळाचे दार स्वतःच्याच माणसांना बंद ठेवणाऱ्या समाजाने शेजारच्या धर्माशी समतेची भाषा बोलणे लटके ठरले असते.

अकरा वर्षांनी त्याच दारात पुढचे पाऊल पडले. विनोबा भावे भूदान पदयात्रेत सर्व धर्मांच्या सहकाऱ्यांसह फिरत आणि जेथे सोबत्यांना प्रवेश नाही तेथे आपणही जायचे नाही, असा त्यांचा नेम होता. 1953 मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह गेले असता त्यांना मारहाण झाली. पुढे जगन्नाथपुरीला परधर्मीय भगिनी सोबत असल्याने प्रवेश नाकारला गेला तेव्हा ते बाहेरूनच परतले. 1958 मध्ये ते सर्वोदय संमेलनासाठी पंढरपुरास आले, तेव्हा मंदिराकडूनच त्यांना सहकाऱ्यांसह येण्याचे निमंत्रण मिळाले आणि मुस्लिम व ख्रिस्ती सोबत्यांना घेऊन त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. मूर्तीपुढे त्यांचे डोळे वाहू लागले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकलेल्या आणि नंतर त्याचे सार-संकलन सिद्ध करणाऱ्या या माणसाच्या बाबतीत ते दर्शन म्हणजे एका दिवसाचा समारंभ नव्हता. दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्या भाषेत वाचण्याचे कष्ट घेणारे कार्यकर्ते या क्षेत्रात आजही थोडेच आढळतात.

शहरात अलीकडच्या काळात हे काम मुख्यतः शिक्षक आणि लेखकांनी उचलले. त्यांत प्रा. फकरुद्दीन बेन्नूर (1938–2018) यांचे नाव अग्रभागी येते. संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बेन्नूर यांनी मराठी मुसलमानांचा इतिहास, त्यांच्यातील जातिव्यवस्था आणि जमातवादाचे राजकारण यांवर मराठीतून सातत्याने लेखन केले, आणि मुस्लिम ओबीसी चळवळीलाही वैचारिक आधार दिला. मुस्लिम समाज म्हणजे एकसंध गठ्ठा नव्हे, तो याच मातीतल्या बलुतेदार-कारागीर जातींमधून मोठ्या प्रमाणात घडला आहे, हे त्यांचे प्रतिपादन हिंदू वाचकाला जितके नवे होते तितकेच ते मुस्लिम पुढाऱ्यांना अडचणीचे होते. 1990 मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, अध्यक्ष फ. म. शहाजिंदे होते. आपले घर, आपली श्रद्धा आणि आपला कोंडमारा मुसलमान लेखकाने मराठीतून मांडणे हाच संवादाचा एक टिकाऊ प्रकार आहे, असे या संमेलनाबद्दल म्हणता येईल. शेजारच्या उस्मानाबादेत (आता धाराशिव) जानेवारी 2020 मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तिला विरोधही झाला आणि संमेलन पारही पडले.

या संवादाची गल्लत बहुधा शांतता समितीशी केली जाते. गणेशोत्सव, मोहरम किंवा जयंतीच्या आधी पोलीस ठाण्यात भरणाऱ्या या बैठकीत मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज ठरतो. ते काम आवश्यक आहे. मात्र तेथे प्रत्येक जण आपापल्या गटाच्या वतीने बोलतो, शेजाऱ्याविषयी जाणून घ्यायला कोणी आलेला नसतो. सोलापूरप्रमाणेच यंत्रमागांवर जगणाऱ्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या उभारल्या, त्या वेगळ्या ठरल्या त्या याच कारणाने: सणाची वाट न पाहता वर्षभर नियमित बैठका, आणि त्यांत पुढाऱ्यांऐवजी वस्तीतली साधी माणसे. 1984 च्या दंगलीने होरपळलेली भिवंडी 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना शांत राहिली.