आग्नेय आशियाची मायक्रोफिल्म हवी आहे? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी बघा

ब्रह्मदेशातले भारतीय मजूर, सिंगापुरातली आझाद हिंद सेना, १९६५ नंतरचा इंडोनेशिया असे विषय घेऊन संशोधक विद्यार्थी मायक्रोफिल्मसाठी, म्हणजे जुन्या कागदांचे फिल्मच्या रिळांवर उतरवलेले बारीक फोटो बघायला, अभिलेखागारांकडे अर्ज करतात आणि त्यातले बरेच अर्ज परत येतात. का परत आले, हे सहसा कुणी नीट सांगत नाही. 'माहिती अपूर्ण' एवढा शेरा मारला की कार्यालयाचं काम झालं. त्या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: तुम्ही अर्जात विषय लिहिलात, रिळाचा क्रमांक लिहिला नाहीत.

एक उदाहरण घ्या. फिलिपिन्सच्या क्रांतिकारकांचे कागद अमेरिकी सैन्याने जप्त केले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते 'एम २५४' या क्रमांकाखाली ६४३ रिळांवर उतरवले आणि मूळ कागद पुढे फिलिपिन्सला परत दिले. आता तुम्ही '१८९९ च्या युद्धाची कागदपत्रं दाखवा' असं लिहिलंत तर समोरच्याने ६४३ पैकी कुठलं रीळ काढायचं? अशा मोठ्या संग्रहाला बहुधा एक सूची किंवा मार्गदर्शक पुस्तिका असते आणि कुठल्या रिळावर काय आहे ते तिच्यात छापलेलं असतं. पुष्कळ पुस्तिका संगणकावर फुकट वाचता येतात. आधी पुस्तिका, मग रीळ क्रमांक, मग अर्ज. हा क्रम उलटा केला की काम अडलंच म्हणून समजा.

त्या वर्षी तिथे राज्य कोणाचं होतं?

दुसरी अडचण चुकीच्या दारात उभं राहण्याची. ब्रह्मदेश म्हणजे म्यानमार, तेव्हा कागद यांगोनमध्येच असणार, असं धरून विद्यार्थी महिनोन् महिने व्हिसाच्या मागे लागतात. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता, म्हणून तोपर्यंतचा हिंदुस्थान सरकारचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. लोकमान्यांच्या मंडालेतल्या कारावासावर (१९०८ ते १९१४) काम करायचं असेल तर सुरुवात दिल्लीत, गृह विभागाच्या राजकीय शाखेपासून करता येते. १९३७ नंतरचं लंडनच्या 'बर्मा ऑफिस'चं दप्तर मात्र ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे. प्रबंधाचा कालखंड १९३० ते १९४२ असेल तर दोन शहरं, दोन अर्ज, दोन खर्च. हे विषय मंजूर करून घेण्याआधीच लक्षात घ्या.

पिनांग, मलाक्का, सिंगापूर यांचंही तसंच. ही 'स्ट्रेट्स सेटलमेंट्स' १ एप्रिल १८६७ ला वसाहत खात्याकडे गेली, त्याआधी ती हिंदुस्थानातून चालत. त्यामुळे १८६७ पूर्वीचं बरंच काही भारतात सापडतं. नंतरचं लंडनशी झालेल्या पत्रव्यवहाराचं दप्तर 'सीओ २७३' या मालिकेत आहे. मूळ कागद लंडनमध्ये, क्यूच्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आणि मायक्रोफिल्म सिंगापुरात. आपल्याकडून सिंगापूर जवळ पडतं, एवढ्यावरूनही निर्णय घ्यायला हरकत नाही.

आणि काही कागद तर मुंबईतच आहेत. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याचा तनखा, त्याचं घर, त्याच्या तक्रारी हा सगळा कारभार मुंबई सरकार बघायचं. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आधी चौकशी करा, दिल्लीचं तिकीट नंतर काढा.

ते पत्र

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वाचनकक्षात नोंदणीसाठी अर्ज, ओळखपत्र आणि संस्थेचं परिचयपत्र लागतं. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांकडे असतात, खोळंबा होतो तो पत्रामुळे.

मुलं कॉलेजच्या खिडकीवर मिळणारं बोनाफाईड सर्टिफिकेट जोडतात. अमुक विद्यार्थी अमुक वर्गात शिकतो, वर्तणूक चांगली आहे, खाली शिक्का. एसटीच्या पासासाठी ते ठीक आहे. अभिलेखागाराला मात्र वेगळं पत्र हवं असतं: तुम्ही कोण, विषय काय, कालखंड कुठला, कुठल्या विभागाचे कागद बघायचे आहेत आणि तुमची जबाबदारी कोण घेतंय. पत्रात हे असं स्पष्ट लिहून घ्या: 'श्रीमती अमुक आमच्या विभागात पीएच.डी.साठी नोंदणीकृत असून १९३० ते १९३७ या काळातील रंगूनचे गोदी कामगार हा त्यांचा विषय आहे. त्यासाठी त्यांना आपल्याकडील गृह तसेच उद्योग व कामगार विभागाची कागदपत्रे आणि संबंधित मायक्रोफिल्म पाहायच्या आहेत.' विभागाचं लेटरहेड, तारीख, जावक क्रमांक, मार्गदर्शकांची किंवा विभागप्रमुखांची सही आणि सहीखाली नाव. नुसती गिचमिड सही आणि पुसट शिक्का असलेलं पत्र परत येऊ शकतं. पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत असू द्या.

पत्रात कालखंड जरा सैल ठेवा. '१९३० ते १९३७' लिहून गेलात आणि तिसऱ्या दिवशी १९२६ ची फाईल हवीशी वाटली तर तिथला माणूस पत्राकडे बोट दाखवू शकतो. नियमाच्या दृष्टीने त्याचं बरोबरही असतं. पण सात तासांचा प्रवास करून आलेल्या मुलीला एका वर्षासाठी नवं पत्र आणायला सांगणं याला काय म्हणावं?

जे कुठल्याच संस्थेत नाहीत, म्हणजे निवृत्त शिक्षक, पत्रकार, घरच्या घरी अभ्यास करणारे, त्यांच्याजवळ असं पत्र नसतं. ज्या विद्यापीठातून पदवी घेतली तो विभाग किंवा गावातली इतिहास संशोधन संस्था यांच्याकडे मागून बघा. सोबत आधी काही छापून आलं असेल तर त्याची प्रत जोडा. निघण्याच्या आधी ईमेल करून उत्तर घ्या आणि ते छापून खिशात ठेवा.

'तीस वर्षं झाली, आता मिळालंच पाहिजे'

हा गैरसमज फार पसरलाय. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात तीस वर्षांचा उल्लेख आहे, पण त्याला जोडून अटीही आहेत. कागद गोपनीय वर्गातला नसावा आणि तो मंत्रालयाकडून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आलेला असावा. लोक तीस वर्षं मोजतात आणि पुढचं वाचतच नाहीत. आशियाई-आफ्रिकी देशांची बांडुंग परिषद १९५५ ची, म्हणजे सगळं खुलं झालं असेल, असं गृहीत धरून गेलेल्याला कळतं की हवी ती फाईल खात्याने पाठवलेलीच नाही. ब्रिटिशकालीन कागदांना तीस वर्षांची अडचण येत नाही, पण तिथेही मागणीची चिठ्ठी 'एनटी' असा शेरा घेऊन परत येते. एनटी म्हणजे कागद अभिलेखागाराकडे हस्तांतरित झालेला नाही. सूचीत नाव असतं, पेटीत फाईल नसते. या शेऱ्यावर वाद घालून काही होत नाही. त्याच विषयाची दुसऱ्या विभागात गेलेली प्रत शोधा. गृह विभागातली फाईल नसेल तर परराष्ट्र व राजकीय विभागाकडे तिची नक्कल गेली असण्याची शक्यता असते.

चिठ्ठी भरताना विभाग, शाखा, वर्ष, महिना आणि फाईल किंवा प्रोसीडिंग्जचा (खात्याच्या कामकाजाच्या कागदांचा) क्रमांक एवढं सगळं लागतं. 'अ' प्रोसीडिंग्ज आणि 'ब' प्रोसीडिंग्ज वेगळ्या असतात. ते अक्षर सुटलं की दुसरीच फाईल हातात पडते आणि दिवस गेला. त्याआधी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोध घ्या. तिथे पानं चढवलेली असतील तर मूळ फाईल सहसा देत नाहीत, आणि मायक्रोफिल्म असेल तेव्हाही हेच धोरण. 'मला मूळ कागदच बघायचाय' असा हट्ट धरायचा असेल तर कारण लेखी द्या: समासातली पेन्सिलची टिपणं फिल्मवर उमटलेली नाहीत, किंवा रंगीत नकाशा काळापांढरा झालाय.

शिकागोहून रीळ मागवायचं तर

आग्नेय आशियाची वर्तमानपत्रं, राजपत्रं आणि राजकीय पक्षांची प्रकाशनं यांच्या फिल्मचा एक मोठा साठा शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज या संस्थेत आहे. तिथला 'सीम' हा प्रकल्प १९७० साली खास या प्रदेशासाठी सुरू झाला. कॉर्नेल विद्यापीठाचा एकोल्स संग्रहही याच तोलाचा. दोन्हींच्या सूची घरबसल्या बघता येतात.

इथे मुख्य गोष्ट अशी की रीळ ग्रंथालयाला मिळतं, व्यक्तीला नाही. शिकागोची संस्था सभासद ग्रंथालयांनी चालवलेली आहे. तुमचं विद्यापीठ सभासद नसेल तर तुमच्या ग्रंथपालांनी आधी लिहून अटी आणि शुल्क विचारावं लागतं. विद्यार्थ्याने थेट पाठवलेल्या ईमेलला 'आपल्या ग्रंथालयामार्फत या' असं नम्र उत्तर येतं आणि त्याला तो नकार वाटतो. तो नकार नसतो. ग्रंथपालांकडे जा. त्यांना आंतरग्रंथालयीन देवघेवीचा फॉर्म भरायची सवय नसेल तर शेजारी बसून भरा.

रीळ परदेशात पाठवायला अनेक ग्रंथालयं तयार नसतात आणि आलंच तर कस्टममध्ये अडकू शकतं. म्हणून रीळ मागण्यापेक्षा स्कॅन किंवा दुसरी प्रत मागा. हट्टाने रीळच मागवलंत तर दोन गोष्टी बघा. परतीची तारीख म्हणजे रीळ तिकडे पोहोचण्याची तारीख. त्या दिवशी पोस्टात टाकलंत तर उशीरच झाला. आणि अशी फिल्म बहुधा ग्रंथालयातच बसून वाचायची असते, तेव्हा तुमच्याकडचं रीडर यंत्र चालू आहे का ते आधीच तपासा. पुष्कळ ठिकाणी ते कोपऱ्यात कव्हरखाली असतं, दिवा गेलेला असतो आणि तो बदलायचा प्रस्ताव कुठल्या तरी टेबलावर पडून असतो.

सूचीत काही सापडत नाही ही तक्रारही नेहमीची. इंडोनेशियाचं रोमन लेखन १९७२ मध्ये बदललं. त्याआधी जकार्ता 'डी-जे'ने लिहीत. 'हारियान राक्यात' हे कम्युनिस्ट पक्षाचं दैनिक १९६५ च्या ऑक्टोबरात बंद पडलं. त्याचं नाव सूचीत जुन्या पद्धतीने, 'वाय'ऐवजी 'जे' घालून लिहिलेलं असू शकतं. दोन्ही लेखनं टाका. बटाव्हिया, मलाया, सयाम, रंगून ही जुनी नावंही टाका. सयामचं थायलंड १९३९ साली झालं.

सिंगापूर सोपं, जकार्ता अवघड

सिंगापूरची राष्ट्रीय ग्रंथालय इमारत व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे आणि संदर्भ ग्रंथालयात कुणीही जाऊन मायक्रोफिल्म वाचू शकतं. जायच्या आधी 'न्यूजपेपर एसजी' हे जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ बघा. १८४५ पासूनचा 'स्ट्रेट्स टाइम्स' आणि जपानी अमलातला 'स्योनान शिंबुन' तिथे शोधता येतो. आझाद हिंद सरकारची घोषणा २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरातच झाली, त्या दिवसांसाठी विमानाचं तिकीट काढायची गरजही पडणार नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या काही सरकारी फाईलींसाठी मात्र ती फाईल ज्या खात्याची, त्याची परवानगी लागते. ती परवानगी मुंबईतूनच मागा, तिथे जाऊन नको.

इंडोनेशियात परदेशी संशोधकाला संशोधन परवाना लागतो. पूर्वी हे काम दुसऱ्या खात्यांकडे होतं, आता ते 'ब्रिन' या राष्ट्रीय संशोधन संस्थेकडे आहे. प्रस्ताव, आपल्या संस्थेचं पत्र आणि तिथल्या एखाद्या संस्थेची सहयोगी म्हणून संमती, एवढं सगळं झाल्यावर व्हिसा. सहयोगी संस्था हाच कागद कुणाकडे नसतो. तिथल्या प्राध्यापकाला विमानाची तारीख ठरवल्यावर लिहू नका, सहा-आठ महिने आधी लिहा. त्यांच्याही विभागात सही-शिक्क्याचं तेच नाटक असतं. पर्यटक व्हिसावर जाऊन अभिलेखागारात 'जरा डोकावून येतो' म्हणणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. विनापरवाना संशोधनाला तिथल्या कायद्यात शिक्षा आहे, आणि काळ्या यादीत नाव गेलं तर पुढचा परवाना विसरा.

क्यूला जाणाऱ्यांसाठी एक ओळ: मूळ कागद बघायला रीडर्स तिकीट लागतं आणि त्यासाठी नावाचा आणि घरच्या पत्त्याचा असे दोन वेगळे मूळ पुरावे मागतात. आपल्याकडे वीजबिल वडिलांच्या नावावर असतं, म्हणून स्वतःच्या नावाचं, पत्ता छापलेलं बँकेचं ताजं स्टेटमेंट शाखेतून शिक्का मारून घ्या.

फिल्मचा फोटो घेऊ दिला म्हणजे छापायलाही परवानगी मिळाली, असं होत नाही. खासगी कागदांच्या बाबतीत हक्क बहुधा देणाऱ्या कुटुंबाकडे राहतात. तुमचा प्रबंध उद्या 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढणार, म्हणजे तो सगळ्या जगाला दिसणार. परिशिष्टात पानांची छायाचित्रं लावायची असतील तर वाचनकक्षात असतानाच लेखी परवानगीचा अर्ज द्या, त्यात रीळ क्रमांक आणि फ्रेम क्रमांक लिहा आणि पोच घ्या.