लाल क्लोव्हर: पीक आधी आले, कारण दोनशे वर्षांनी

रासायनिक नत्राचे भाव चढले की युरोपातल्या शेतकऱ्याला लाल क्लोव्हर आठवते. शास्त्रीय नाव ट्रायफोलियम प्रॅटेन्स. मेथी आणि लसूणघासाच्या नात्यातले हे द्विदल पीक. तीन-तीन पानांचे, गुलाबी-जांभळ्या गोंड्यांचे, दोन-तीन वर्षे टिकणारे. जनावरांना वैरण आणि जमिनीला नत्र, अशा दुहेरी फायद्यासाठी ते पेरतात. शेतीच्या इतिहासात यंत्रांवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली जातात आणि या पिकाची एका ओळीत बोळवण होते. मला हे अन्यायाचेच वाटते.

रानात ते युरोपभर उगवायचेच. मुद्दाम पेरायला सुरुवात मध्ययुगात, मुस्लिम अमलाखालच्या स्पेनमध्ये झाली असे मानतात. सोळाव्या शतकापर्यंत ते उत्तर इटलीत आणि फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, पोहोचले होते. बाकीच्या उत्तर युरोपात तेव्हा बहुतेक ठिकाणी गहू किंवा राय, मग सातू किंवा ओट आणि तिसऱ्या वर्षी जमीन पड, असा फेरा चाले. वैरण कमी म्हणून जनावरे कमी, जनावरे कमी म्हणून शेणखत कमी, खत कमी म्हणून धान्य कमी. फ्लँडर्सच्या शेतकऱ्यांनी हा फेरा मोडला, तोही बऱ्याचशा हलक्या, वाळूसर जमिनीत.

इंग्लंडला हे कळले ते राजकारणामुळे. सरे परगण्यातला जमीनदार सर रिचर्ड वेस्टन यादवी युद्धात राजाच्या बाजूचा. १६४४ च्या सुमारास त्याला देश सोडावा लागला. फ्लँडर्समध्ये त्याने जवस, टर्निप आणि क्लोव्हर यांची फेरपालट पाहिली आणि आपल्या मुलांसाठी ती लिहून ठेवली. लंडनमधला शेतीसुधारणेचा पुरस्कर्ता सॅम्युअल हार्टलिब, त्याच्या हाती याची प्रत लागली, त्याने ती १६५० मध्ये छापून टाकली. पुढे अँड्र्यू यॅरंटनने १६६३ मध्ये केवळ क्लोव्हरवर पुस्तिका काढली.

पेरणीची पद्धत साधी होती. वसंतात सातूची रोपे वर आली की त्याच शेतात क्लोव्हरचे बारीक बी फोकून द्यायचे. सातूच्या आडोशाने ते रुजते, सावलीत दबून राहते. सातू कापली की धसकटांमधून ते मोकळे होते आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन कापण्या देते. पहिली बहुधा वाळवून हिवाळ्यासाठी ठेवायची. नंतर शेत नांगरून गहू. त्या गव्हाला क्लोव्हरचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने सुधारलेली जमीन, मिळे आणि पड ठेवायचे वर्षही वाचे. गहू, टर्निप, सातू, क्लोव्हर हा चार वर्षांचा फेरा इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. १७३० मध्ये राजकारण सोडून शेतीकडे वळलेल्या लॉर्ड टाउनशेंडला त्याचे श्रेय देतात, पण पद्धत त्याच्या आधीपासून त्या भागात होती. नाव नेहमीप्रमाणे जमीनदाराचे झाले. जर्मन मुलखात योहान ख्रिस्टियान शुबार्टने क्लोव्हरचा इतका प्रचार केला की सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये त्याला उमरावपद दिले आणि किताबातच ‘क्लोव्हरचे शेत’ घातले.

एवढे सगळे झाले तरी जमीन नेमकी कशाने सुधारते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ बूसँगो याने १८३८ च्या सुमारास क्लोव्हर आणि वाटाणा वाढवून दाखवले की त्यांच्यातले नत्र वाढते, गव्हा-ओटमधले वाढत नाही. मग त्याने प्रयोग अधिक काटेकोर केला आणि वाढ दिसेनाशी झाली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रातही १८५७-५८ मध्ये तेच घडले. गंमत अशी की काटेकोरपणाच आड आला होता. माती भाजून निर्जंतुक केली, वर काचेचे आवरण घातले. ज्या जीवाणूंमुळे नत्र मिळते तेच त्यात मेले. १८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेलने बर्लिनमध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्याने आणि विल्फार्टने वाळूच्या कुंड्यांत द्विदल झाडे लावली होती. शेतातल्या मातीचे पाणी घातले की मुळांवर गाठी धरत, तेच पाणी उकळून घातले तर धरत नसत. हवेतले नत्र त्या गाठींतले जीवाणू बांधतात, हे ठरले. १८८८ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंकने तो जीवाणू वेगळा काढला.

परागीभवनाचे प्रकरण वेगळेच. या फुलाची नळी लांब असते, मधमाशीची जीभ तिथे बहुधा अपुरी पडते. काम करतात ते मधमाशीच्याच कुळातले, लांब जिभेचे, केसाळ बंबलबी. डार्विनने १८५९ मध्ये बंबलबी नसतील तर लाल क्लोव्हर दुर्मीळ होईल असे म्हटले आणि त्यांची पोळी फस्त करणारे उंदीर, उंदरांना खाणारी मांजरे अशी साखळीही जोडली. न्यूझीलंडमध्ये याचा पडताळा आला. स्थलांतरितांनी तिथे क्लोव्हर नेले; वैरण भरपूर, बी मात्र जेमतेम, कारण बेटांवर बंबलबी नव्हते. अखेर १८८५ मध्ये इंग्लंडहून त्यांच्या राण्या बोटीने नेऊन तिथल्या कँटरबरी भागात सोडल्या. बऱ्याच वाटेतच मेल्या, पण जगल्या तेवढ्या पुरल्या आणि बी धरू लागले. त्यांतली एक आखूड केसांची जात पुढे ब्रिटनमधून नाहीशी झाली, न्यूझीलंडमध्ये मात्र टिकली.

या पिकाला खोडीही होत्या. तेच शेत पुन्हा-पुन्हा क्लोव्हरखाली घेतले की बुरशी आणि सूत्रकृमींनी पीक बसते. शेतकरी म्हणत, जमीन क्लोव्हरला कंटाळली. ओले, कोवळे क्लोव्हर उपाशी जनावराला एकदम खाऊ घातले की पोटफुगी ठरलेली. त्यातल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांमुळे मेंढ्यांची गाभण राहण्याची क्षमता घटते, म्हणून माद्या लावायच्या हंगामात कळप त्यावर सोडत नाहीत.

१९१३ मध्ये जर्मनीच्या ओपाऊला नत्रखतासाठी लागणाऱ्या कृत्रिम अमोनियाचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर नत्र पोत्यात, स्वस्तात मिळू लागले आणि क्लोव्हर मागे पडले. सेंद्रिय शेतीने ते पुन्हा पुढे आणले.

आपल्याकडे लाल क्लोव्हर हिमालयाच्या थंड पट्ट्यापलीकडे फारसे नाही. त्याचे भावंड बरसीम मात्र इजिप्तहून १९०४ च्या सुमारास सिंधमध्ये आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. उत्तर भारतात ते रब्बीचा मुख्य हिरवा चारा झाले. महाराष्ट्रात गोठेवाल्यांची पसंती अजून लसूणघासालाच, कारण बरसीमला थंडी लांबलेली लागते आणि पाणीही भरपूर. नव्या शेतात ते पहिल्यांदा पेरताना बियाण्याला जीवाणू संवर्धक चोळतात, आणि संवर्धक नसेल तर बरसीम निघालेल्या जुन्या शेतातली माती आणून पसरतात.