यजमान ठरतो बंद खोलीत, भांडण होतं गॅलरीत

11 डिसेंबर 2024 रोजी फिफाच्या ऑनलाइन सभेत 2034 च्या विश्वचषकाचं यजमानपद सौदी अरेबियाला मिळालं. मतमोजणी झालीच नाही. उमेदवार एकच होता, त्यामुळे देशोदेशीच्या संघटनांच्या प्रतिनिधींनी आपापल्या कॅमेऱ्यासमोर टाळ्या वाजवल्या आणि ठराव मंजूर झाला. त्यानंतर चाहत्यांमध्ये जे भांडण पेटलं ते मात्र ओळखीचं होतं. एक जण म्हणतो, मानवी हक्क पायदळी तुडवणाऱ्या देशात खेळायलाच जाऊ नये. दुसरा म्हणतो, जाऊ दे, निदान जगाचं लक्ष तिकडे जाईल. तिसरा विचारतो, तुमचे देश काय धुतल्या तांदळासारखे आहेत का? आणि चौथ्याला या कशाशीच देणंघेणं नसतं, त्याला फक्त सामना बघायचा असतो.

हे सगळं 2022 च्या कतार विश्वचषकापासून सुरू झालं असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ही चारही माणसं गॅलरीत कित्येक दशकांपासून बसलेली आहेत.

पहिला वादग्रस्त यजमान म्हणजे 1934 चा इटली. स्पर्धाच दुसरी होती. मुसोलिनीने ती फासिस्ट राजवटीच्या जाहिरातीसाठी वापरली, विश्वचषकाच्या जोडीला स्वतःच्या नावाचा वेगळा करंडकही ठेवला. अंतिम सामन्यात इटलीने चेकोस्लोव्हाकियाला जादा वेळेत 2-1 असं हरवलं. गतविजेता उरुग्वे आलाच नाही, पण त्यामागे तत्त्वबित्त्व काही नव्हतं. 1930 मध्ये युरोपातले बहुतेक संघ आपल्याकडे आले नाहीत, याचा तो राग होता. गॅलरीतून खरा निषेध झाला चार वर्षांनी, फ्रान्समध्ये. मार्सेयला नॉर्वेविरुद्ध इटलीचा सामना होता आणि स्टेडियममध्ये मुसोलिनीच्या राजवटीतून पळून आलेले इटालियन मोठ्या संख्येने होते. संघाने फासिस्ट सलामी दिल्यावर त्यांनी शिट्ट्या आणि शिव्यांचा भडिमार केला. गोंगाट ओसरल्यावर प्रशिक्षक पोत्सो यांनी खेळाडूंना पुन्हा हात वर करायला लावले. आपल्याच देशाच्या संघाविरुद्ध चाहते उभे राहिले, याचं हे बहुधा सर्वांत जुनं ठळक उदाहरण.

पण फिफाची वृत्ती समजून घ्यायची तर 1973 च्या चिलीकडे जायला हवं. त्या वर्षी 11 सप्टेंबरला पिनोशेच्या लष्कराने आयेंदे यांचं सरकार उलथवलं आणि सांतियागोचं राष्ट्रीय स्टेडियम छळछावणी बनलं. हजारो लोकांना तिथे डांबलं, मारहाण केली, काहींना ठार केलं. नेमका त्याच स्टेडियममध्ये नोव्हेंबरात चिली आणि सोव्हिएत संघ यांच्यात विश्वचषक पात्रतेचा सामना ठरलेला होता. मॉस्कोतला पहिला सामना 0-0 झाला होता. रक्ताने माखलेल्या मैदानावर आम्ही खेळणार नाही, अशी सोव्हिएत संघटनेची भूमिका होती. फिफाने पाहणीला माणसं पाठवली. ती आली तेव्हा कैदी तिथेच होते, त्यांना नजरेआड ठेवलं होतं. हिरवळ बघून पाहुणे परतले आणि सामना घ्यायला हरकत नाही असा निर्वाळा देऊन मोकळे झाले.

सोव्हिएत संघ आला नाही. तरी 21 नोव्हेंबरला चिलीचे खेळाडू मैदानात उतरले, समोर कोणीच नसताना चेंडू एकमेकांकडे देत पुढे गेले आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने रिकाम्या गोलजाळ्यात तो ढकलला. चिली विजयी. तिकिटं काढून आलेल्यांचा हिरमोड नको म्हणून त्याच दिवशी ब्राझीलच्या सांतोस क्लबशी मित्रसामना झाला, त्यात चिलीने पाच गोल खाल्ले. सोव्हिएत संघही काही मानवी हक्कांचा पुतळा नव्हता. स्वतःच्या देशात छावण्या चालवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या छावणीवर बोट ठेवायचं, हे तेव्हाही अनेकांना खुपलं. म्हणून त्या स्टेडियममधले कैदी खोटे ठरत नाहीत.

अर्जेंटिनाला 1978 ची स्पर्धा मिळाली होती 1966 मध्ये. मार्च 1976 मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. म्हणजे यजमान निवडला तेव्हाचा देश वेगळा आणि स्पर्धा भरली तेव्हाचा वेगळा. जनरल विदेला यांच्या राजवटीत माणसं घरातून उचलली जात आणि नाहीशी होत. मानवी हक्क संघटना बेपत्ता झालेल्यांचा आकडा 30,000 सांगतात. त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध छळ चालायचा नौदलाच्या तंत्रशाळेत, आणि अंतिम सामना झाला ते मोन्युमेंताल स्टेडियम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. गोल झाला की उठणारा जल्लोष आम्हाला कोठडीत ऐकू यायचा, असं सुटून आलेल्यांनी सांगितलंय. एका कैदी स्त्रीची साक्ष तर वाचवत नाही. विजयाच्या रात्री पहारेकऱ्यांनी तिला गाडीत घालून रस्त्यावर जल्लोष दाखवायला नेलं. तिने गाडीच्या छतातून डोकं बाहेर काढलं. चहूकडे नाचणारी गर्दी. ‘मी बेपत्ता आहे’ असं ओरडले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, हे तिला त्या क्षणी कळून चुकलं.

आजच्या वादातला प्रत्येक मुद्दा त्या वेळी मांडून झाला होता. फ्रान्समध्ये बहिष्कारासाठी समिती स्थापन झाली. नेदरलँड्समध्ये फ्रेक दे योंगे आणि ब्राम फरमेउलन या विनोदी कलाकारांनी ‘गोलखांबावर रक्त’ अशी मोहीम चालवली. पश्चिम जर्मनीत ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने ‘फुटबॉल हो, छळ नको’ अशी मधली वाट धरली. गंमत म्हणजे जे या राजवटीशी सशस्त्र लढत होते, त्या मोंतोनेरोंनाच बहिष्कार नको होता. परदेशी पत्रकार येऊ देत, बघू देत, असं त्यांचं म्हणणं. ‘अर्जेंटिना विजेता, विदेला गोळीबाराच्या भिंतीपाशी’ ही त्यांची घोषणा होती. त्यांचा हिशेब अगदीच चुकला असं म्हणता येत नाही. उद्घाटनाच्या दिवशी काही डच कॅमेरे राजधानीतल्या प्लाझा दे मायो चौकात गेले आणि हरवलेल्या मुलांचा पत्ता विचारणाऱ्या पांढऱ्या रुमालातल्या आया युरोपातल्या घराघरांत दिसल्या. पण चषक कर्णधार पासारेलाच्या हाती दिला विदेलानेच. राजवट आणखी पाच वर्षं टिकली, आणि ती कोसळली फॉकलंडच्या युद्धातल्या पराभवाने. फुटबॉलचा त्यात हात नव्हता.

नेदरलँड्सचा तारा योहान क्रॉइफ त्या स्पर्धेला गेला नाही, तो लष्करी राजवटीच्या निषेधार्थ, अशी दंतकथा चाहत्यांनी तीस वर्षं जपली. 2008 मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की स्पर्धेच्या आदल्या वर्षी घरात घुसून त्याच्या कुटुंबाच्या अपहरणाचा प्रयत्न झाला होता, आणि त्यानंतर त्याचं मन कुठे लागेना. आपल्या लाडक्या खेळाडूने आपल्या वतीने नैतिक भूमिका घ्यावी ही चाहत्यांची जुनी हौस आहे.

फिफाला राजकारण वर्ज्य आहे, हेही खरं नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला 1960 च्या दशकात निलंबित केलं, 1976 मध्ये काढूनच टाकलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर चार दिवसांत, 28 फेब्रुवारी 2022 ला, रशियन संघांवर बंदी आली. मात्र त्याआधी पोलंडच्या संघाने रशियाविरुद्धचा पात्रता सामना खेळायला साफ नकार दिला होता, स्वीडन आणि चेक संघांनीही. खेळणारेच अडून बसले की फिफाचे हात हलतात. आणि हाच रशिया क्रिमिया गिळून बसला असताना 2018 चा विश्वचषक तिथे थाटात पार पडला होता, हेही विसरता येत नाही.

त्या 2018 चा आणि कतारच्या 2022 चा निर्णय एकाच दिवशी झाला, 2 डिसेंबर 2010 रोजी झुरिकमध्ये. मतदार होते अवघे 22. दोघांना मतांच्या सौद्याच्या आरोपावरून आधीच बाजूला केलं होतं. शेवटच्या फेरीत कतारने अमेरिकेवर 14-8 अशी मात केली. कामगारांचे हक्क तेव्हा निवडीच्या निकषांत कुठेच नव्हते. मे 2015 मध्ये झुरिकच्या हॉटेलातून फिफाचे अधिकारी भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून पहाटे पकडले गेले. यजमान निवडण्याचा निर्णय सर्व सदस्य संघटनांच्या सभेकडे देण्याचं 2013 मध्येच ठरलं होतं, 2017 मध्ये फिफाने मानवी हक्कांचं धोरण स्वीकारलं.

कतारमधला प्रश्न होता कफाला पद्धतीचा. परदेशी कामगाराचं तिथलं राहणं मालकाच्या हमीवर अवलंबून. नोकरी बदलायची तर मालकाची परवानगी, देश सोडायचा तरी परवानगी. फेब्रुवारी 2021 मध्ये ‘द गार्डियन’ने आकडा छापला: 2010 पासून भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या पाच देशांचे मिळून 6,500 हून अधिक कामगार कतारमध्ये मरण पावले. त्यांतले भारतीय 2,711. हे सगळे मृत्यू स्टेडियमच्या कामावरचे होते असं त्या वृत्तपत्राने म्हटलं नव्हतं, पण भांडणात हा तपशील पहिल्यांदा गळून पडला. आयोजक सांगत होते स्टेडियमच्या कामाशी संबंधित 37 मृत्यू, त्यांतले कामावरचे फक्त तीन. नोव्हेंबर 2022 मध्ये आयोजन समितीचे प्रमुख हसन अल थवादी यांनीच एका मुलाखतीत स्पर्धेशी निगडित कामांवरचा आकडा 400 ते 500 सांगितला. अनेक धडधाकट तरुणांच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण ‘नैसर्गिक’ लिहिलेलं होतं, शवविच्छेदन नाही. खरा आकडा कळण्याची वाटच त्यामुळे बंद झाली.

चाहत्यांच्या बाजूने सर्वांत नेटकं काम झालं नॉर्वेत. तिथले क्लब सदस्यांच्या मालकीचे, त्यामुळे ओरड करून थांबावं लागत नाही, ठराव मांडता येतो. ट्रॉम्सो क्लबने बहिष्काराची हाक दिली, इतरांनी उचलून धरली, आणि 20 जून 2021 ला संघटनेने खास सभा घेतली. 368 विरुद्ध 121 मतांनी बहिष्कार फेटाळला गेला. नॉर्वे पुढे पात्रच ठरला नाही, तो भाग वेगळा. पण राष्ट्रीय संघाने जावं की नाही, यावर रीतसर चर्चा होऊन मतदान झालं. जर्मनीतही बायर्न म्युनिकच्या सदस्यांनी कतार एअरवेजच्या प्रायोजकत्वावरून 2021 ची वार्षिक सभा दणाणून सोडली. करार 2023 मध्ये संपला, पुढे वाढवला गेला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये बर्लिनच्या गॅलरीत फलक झळकला: 5,760 मिनिटांच्या फुटबॉलसाठी 15,000 मृत्यू, लाज वाटू द्या. मिनिटांचा हिशेब चोख होता, 64 सामने गुणिले 90. मृत्यूंचा आकडा मात्र सगळ्या परदेशी रहिवाशांचा, सगळ्या कारणांचा होता. बाजू बरोबर असली तरी आकडा ताणला की समोरच्याच्या हाती कोलीत मिळतं.

त्याच महिन्यात दोह्यात उलट्या बाजूचा अन्याय घडला. अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडच्या जर्सी घालून ढोल वाजवत मिरवणाऱ्या भारतीयांचे व्हिडिओ पसरले आणि युरोपात ओरड झाली की हे भाडोत्री चाहते आहेत. कतारने काही परदेशी चाहत्यांना फुकट तिकीट-निवास देऊन चांगलं बोलायला आणलं होतं, हे खरं. पण हे मिरवणारे बहुतेक केरळचे, तिथेच नोकरी करणारे. ज्या गावांत मेस्सीचे तीस फुटी कटआउट उभे राहतात, तिथल्या माणसाला ‘तू खरा चाहता नाहीस’ हे ऐकवायचं म्हणजे हद्द झाली. ज्यांच्या हक्कांसाठी फलक धरायचे, तेच लोक फुटबॉलवर वेडं प्रेम करू शकतात, हे फलक धरणाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

कतारमध्ये बदल झाले, अपुरे असले तरी. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार गेली, 2017 च्या अखेरीस करार झाला, 2018 मध्ये दोह्यात त्या संघटनेचं कार्यालय उघडलं. 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाची परवानगी लागणं कायद्याने बंद झालं, 2021 पासून 1,000 रियाल किमान वेतन लागू झालं. या तारखा बघाव्यात. सगळं घडलं ते यजमानपद मिळणं आणि पहिला सामना यांच्या मधल्या काळात, कामगार संघटनांच्या रेट्याने. स्पर्धा सुरू झाल्यावर भेदभावाविरोधातली ‘वनलव्ह’ पट्टी कर्णधाराने दंडाला बांधली तर पिवळं कार्ड, एवढ्या धमकीने सात युरोपीय संघ गप्प बसले. जर्मन खेळाडूंनी तोंडावर हात ठेवून छायाचित्र काढलं आणि जपानकडून हरले. त्याची खिल्लीच जास्त उडाली.

म्हणूनच 2034 ची प्रक्रिया ज्या घाईने उरकली ती खटकते. 4 ऑक्टोबर 2023 ला फिफाने आशिया-ओशियानियातल्या देशांना विचारलं, मुदत 31 ऑक्टोबरची. चारेक आठवड्यांत ऑस्ट्रेलिया मागे सरला आणि सौदी एकटा उरला. मानवी हक्कांचा निकष या वेळी कागदावर होता. फिफाच्या मूल्यमापनात धोका ‘मध्यम’ निघाला. नॉर्वेने पत्र पाठवून या पद्धतीला विरोध नोंदवला. जून 2024 मध्ये बांधकाम कामगारांच्या जागतिक महासंघाने सौदीविरुद्ध वेठबिगारीची तक्रार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे आधीच केली होती.

सौदीच्या पैशावरून इंग्लंडमधल्या गॅलऱ्या आधीच दुभंगल्या होत्या. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल क्लब विकत घेतला, तेव्हा चाहते डोक्याला टॉवेल गुंडाळून नाचले. काही दिवसांनी क्रिस्टल पॅलेसच्या चाहत्यांनी तलवारधारी शेखाचं चित्र आणि सौदी राजवटीच्या कृत्यांची यादी असलेला फलक उलगडला, तर पोलीस त्या फलकाचीच चौकशी करायला आले. पुढे काही कारवाई झाली नाही.

2026 च्या विश्वचषकाची सहयजमान असलेल्या अमेरिकेने जून 2025 मध्ये बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, त्यांत त्या स्पर्धेसाठी पात्र ठरलेले इराण आणि हैती होते. खेळाडू आणि प्रशिक्षकांना सूट मिळाली, चाहत्यांना नाही. ‘तुमचे देश काय धुतल्या तांदळासारखे आहेत का’ हा प्रश्न टाळाटाळीसाठी वापरला जातो हे मान्य, पण इथे तो चपखल बसतो.

आणि सौदीतले चाहते? जानेवारी 2024 मध्ये पूर्व प्रांतातल्या अल सफा क्लबच्या समर्थकांनी सामन्यात शिया परंपरेतलं एक धार्मिक गीत म्हटलं. व्हिडिओ पसरला. त्यांतल्या बारा जणांना सहा महिने ते एक वर्ष तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या.