यकृताचा काँट्रास्ट एमआरआय : प्रतिमांच्या वेळा

गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देऊन, ते यकृतातून जात असताना ठरावीक वेळांना एमआरआय प्रतिमा घेण्याची पद्धत. यकृतातील गाठी शोधणे आणि त्यांचा प्रकार ओळखणे हा तिचा हेतू. औषध न देता काढलेल्या प्रतिमा आधी घेतात, कारण पुढची प्रत्येक तुलना त्यांच्याशीच होते.

वेळेला एवढे महत्त्व येते ते यकृताच्या रक्तपुरवठ्यामुळे. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी आणि प्लीहा यांच्याकडून पोर्टल शिरेने मिळते, उरलेले यकृत धमनीने. यकृतपेशींचा कर्करोग, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसला जातो. औषध धमनीतून आधी येते, तेव्हा गाठ उजळते आणि भोवतालचे यकृत अजून फिकेच असते. पोर्टल शिरेतून भरपूर औषध आले की यकृतही उजळते आणि फरक बुजतो. पुढे गाठ यकृतापेक्षा काळी पडते, त्याला 'वॉशआउट' म्हणतात. सिरोसिस (यकृत व्रणांनी निबर होणे) किंवा जुनाट हेपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात आधी उजळणे आणि मग वॉशआउट ही दोन्ही लक्षणे पुरेशा मोठ्या गाठीत एकत्र दिसली, तर बऱ्याचदा बायोप्सीशिवायही निदान करता येते.

यांतला सर्वांत नाजूक टप्पा धमनीचा. इंजेक्शन सुरू झाल्यापासून साधारण 35 ते 40 सेकंदांनी येणारी उत्तर-धमनी अवस्था, म्हणजे धमनी टप्प्याचा शेवटचा भाग, इथे हवी असते. ती साधली का, हे प्रतिमेतच कळते : यकृत धमनी पूर्ण उजळलेली, पोर्टल शिरेत औषध आलेले, पण यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या यकृत शिरा अजून काळ्या. पोर्टल शीरही काळीच असेल तर प्रतिमा फार लवकर घेतली गेली, आणि अशा प्रतिमेत गाठ असूनही दिसत नाही. घड्याळ लावून ठरावीक सेकंदांनी स्कॅन करणे सोपे असते, पण हृदय कमजोर असलेल्या रुग्णात औषध पोटातल्या रक्तवाहिन्यांत उशिरा पोहोचते. म्हणून बहुतेक ठिकाणी महाधमनीवर लक्ष ठेवून औषध तिथे दिसताच रुग्णाला श्वास रोखायला सांगतात. काही ठिकाणी आधी एक-दोन मिलिलिटरची चाचणी मात्रा देऊन वेळ मोजतात. आणखी एक मेख आहे. स्कॅन 15 ते 20 सेकंद चालतो, पण प्रतिमेतला उजेड-अंधाराचा फरक मुख्यतः के-स्पेसचा (ज्यापासून प्रतिमा बनवतात त्या कच्च्या नोंदींच्या तक्त्याचा) मध्यभाग भरला जातो त्या क्षणी ठरतो. हा मध्यभाग सुरुवातीला भरायचा की स्कॅनच्या मधोमध, यावर बटण कधी दाबायचे ते अवलंबून असते. ही अवस्था चुकली तर औषध पुन्हा दिल्याशिवाय ती मिळत नाही. श्वासाची तालीम रुग्णाच्या भाषेत आधीच करून घेण्यात गेलेली दोन मिनिटे त्या मानाने स्वस्तच.

पोर्टल अवस्था 60 ते 80 सेकंदांनी आणि विलंबित अवस्था 3 ते 5 मिनिटांनी येते. इथे काही सेकंद इकडेतिकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. हेमॅन्जिओमा ही निरुपद्रवी रक्तवाहिन्यांची गाठ कडेकडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळत आत भरत जाते, तर इतर अवयवांतून पसरलेल्या कर्करोगाच्या गाठींना अनेकदा नुसती उजळ कड दिसते.

गॅडोक्सेटेट या औषधाने हे वेळापत्रक बदलले. त्याचा जवळजवळ अर्धा भाग यकृतपेशी शोषून पित्तात टाकतात, त्यामुळे सुमारे 20 मिनिटांनी निरोगी यकृत लख्ख उजळते आणि ज्या गाठीत यकृतपेशी नाहीत ती काळी उठून दिसते. लहान मेटास्टॅसिस, म्हणजे इतर अवयवांतून पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी, शोधायला याच्या तोडीचे दुसरे काही क्वचितच. गॅडोबेनेट या अशाच दुसऱ्या औषधाचा अल्प भागच यकृतपेशींत जातो. त्याच्या अशा प्रतिमेसाठी एक ते दोन तास थांबावे लागते. पण गॅडोक्सेटेटची मात्रा नेहमीच्या औषधाच्या एक चतुर्थांश, 0.025 मिलिमोल प्रति किलो असते. औषधाची लाट आखूड, म्हणून धमनीची वेळ आणखी अवघड. शिवाय काही रुग्णांना नेमका तेव्हाच श्वास रोखता येत नाही आणि प्रतिमा हलते. उपाय म्हणून इंजेक्शन सेकंदाला 1 मिलिलिटर इतके सावकाश देतात, किंवा एकाच श्वासात धमनी अवस्थेच्या दोन-तीन जलद प्रतिमा घेतात.

गॅडोक्सेटेटने तिसऱ्या मिनिटाला यकृत स्वतःच उजळू लागलेले असते, त्यामुळे हेमॅन्जिओमाही काळा भासू शकतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या लाय-रॅड्स या यकृतातील गाठींच्या वर्गीकरण पद्धतीत म्हणूनच गॅडोक्सेटेट वापरल्यास वॉशआउट फक्त पोर्टल अवस्थेत ग्राह्य धरतात. सिरोसिस बळावला असेल किंवा रक्तातले बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पित्तातले पिवळे द्रव्य) खूप चढलेले असेल, तर यकृतपेशी औषध नीट घेत नाहीत. 20 मिनिटांनंतरही यकृत रक्तवाहिन्यांपेक्षा उजळ दिसत नसेल, तर त्या प्रतिमेत गाठ दिसली नाही यावरून गाठ नाही असे म्हणता येत नाही.